लग्न लागेपर्यंत बांधलेली अक्षरं

आमच्या छापखान्यात इंग्रजी टाईपांचे चार-पाच प्रकार होते. पण आप्पा, म्हणजे आमचे वडील, नुसतं ‘टाईप’ म्हणाले की त्यांना त्यातला एकच म्हणायचा असे. उजवीकडे झुकलेला, लपेटीदार, अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराला नेऊन भिडवणारा. मद्रासेतले छापखानेवाले त्याला ‘स्क्रिप्ट’ म्हणत. मला तो मुळीच आवडत नसे. साधं नाव लिहायचं तर इतके हातवारे कशाला, असं मला वाटे आणि मी ते बोलूनही दाखवी. आप्पा म्हणत, “तुज कळत नाहीं.” माझी मोठी बहीण, आमची अक्का, त्यावर आणखी पुस्ती जोडे, “हिला हिचेंच अक्षर लागत नाहीं, आप्पा. हें कोठलें कळणार?”

माझी आजची मराठी पुण्याला सासरी आल्यावरची आहे. आमच्या घरात बोलत ती तंजावरकडची, कित्येक पिढ्या तमिळ शेजारात मुरलेली. ती ऐकून सासरच्या मंडळींना हसू आवरत नसे. तेव्हा इथे आमच्या घरातली माणसं बोलतील ती त्यांच्याच मराठीत बोलतील. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

छापखाना म्हणजे मद्रासेतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या घराची पुढची खोली. पायानं चालवायचं एक ट्रेडल यंत्र, भिंतीला लावलेल्या टाईपांच्या केसेस, म्हणजे खणाखणांच्या पेट्या, आणि शाईचा वास. तो वास आमच्या भाताला लागतो, अशी आईची कायमची तक्रार होती. ती त्या खोलीत पाऊल टाकत नसे. कॉफी द्यायची झाली तरी उंबऱ्याशी उभी राहून मला हाक मारी. इंग्रजी तिला येत नव्हतं, तमिळ मात्र ती झरझर वाचायची. आप्पांनी दिवसभर खपून छापलेलं काहीही तिच्यासमोर धरलं की ती कागद बोटांनी चाचपून म्हणे, “कागद बरा आहे.”

साहेब लोक गेल्यावर माउंट रोडवरचा त्यांचा एक छापखाना बंद पडला, तेव्हा आप्पांनी तिथून तो स्क्रिप्ट टाईप उचलला. विलायतेत ओतलेला, पुन्हा न मिळणारा. साहेबांच्या क्लबातल्या नाचाची आमंत्रणं त्यात छापत, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आप्पा ते कौतुकानं सगळ्यांना सांगत आणि मी दर वेळी म्हणे, “म्हणूनच असा नाचतो तो.” अक्षरं तिरकी असल्यामुळे त्यांच्या कडा खिळ्याच्या, म्हणजे अक्षर ज्यावर ओतलेलं असतं त्या धातूच्या दांडीच्या, अंगाबाहेर लोंबत. जुळवताना जरा दाबलं की टोक मोडलंच. शाई दाट झाली की बारीक रेघा बुजत, पातळ झाली की अक्षर फिकं पडे. खडबडीत कागद त्याला चालत नसे. थोडक्यात, घरात एक नाजूक पाहुणी कायमची येऊन राहिल्यासारखं होतं. आप्पा त्या केसला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

आणि तो कशाला वापरायचा याचेही त्यांचे कायदे होते. लग्नपत्रिका, मुंजीची पत्रिका, डॉक्टर-वकिलांची व्हिजिटिंग कार्डं, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला चौकटीत घालून द्यायचं मानपत्र. बस. दुकानाच्या जाहिरातीला नाही, पावतीपुस्तकाला नाही, आणि कुणी गेल्याचं कळवायच्या कार्डाला तर नाहीच नाही. एकदा एक निवृत्त रजिस्ट्रार आपल्या मुलीच्या पत्रिकेत स्वतःचं नाव सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत घाला म्हणून हटून बसले. स्क्रिप्टमधल्या मोठ्या अक्षराला आधीच ऐसपैस वेलांट्या असतात. तशी दहा अक्षरं शेजारी ठेवली की कोण कुठे संपतं ते ब्रह्मदेवालाही कळू नये. आप्पांनी हात जोडून त्यांना सांगितलं की एका मांडवात एकच नवरदेव असावा. रजिस्ट्रार हसले आणि त्यांनी हट्ट सोडला. आप्पा घरात फारसं बोलत नसत, पण टाईपाच्या बाबतीत त्यांना असं बोलणं सुचत असे.

आता त्यांचा सगळ्यात मोठा कायदा सांगते. कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच झालं.

मजकूर छापून झाला की जुळवलेल्या खिळ्यांभोवतीची दोरी सोडायची आणि एकेक अक्षर केसमधल्या आपापल्या घरात परत टाकायचं. याला छापखान्यात ‘सोडणं’ म्हणतात. दुसरं काम त्याच अक्षरांतून उभं राहतं. पण लग्नपत्रिकेचा मजकूर लग्न लागेपर्यंत सोडायचा नाही, असं आप्पांनी ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला त्याला व्यवहाराचं कारण होतं. कुणाला ऐन वेळी जास्त पत्रिका लागत, कुणाचं कार्यालय बदले. मग एकदा त्यांनी एक मजकूर आधीच सोडला आणि ते लग्न मोडलं. तेव्हापासून व्यवहार मागे पडला आणि तो नेमच झाला. पत्रिका छापल्या की दोन नावं, तारीख, मुहूर्त, सगळं दोरीनं आवळून, कागदात गुंडाळून फळीवर जाई. मुहूर्ताची घटका टळली की आप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, “लागलें,” असं पुटपुटत आणि दोरी सोडत. तोवर अक्षरं अडकलेली. टाईप थोडा, त्यामुळे एका वेळी जेमतेम दोन पत्रिका निघत. ऐन हंगामात गिऱ्हाइकं ताटकळत. मी आप्पांना म्हणे, तुमच्यामुळे अर्ध्या मांबलमची लग्नं खोळंबली आहेत.

अक्काला तो टाईप माझ्या दुप्पट आवडायचा. तिनं आपलं हस्ताक्षर त्याच्यावरून वळवून घेतलं होतं. बोरू नाही, टाक नाही, साध्या शाळकरी पेनानं ती तसं लिही. धोब्याला द्यायच्या कपड्यांची चिठ्ठीसुद्धा क्लबातल्या नाचाचं आमंत्रण असल्यासारखी दिसे. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिला दागिन्यांचं काही पडलं नव्हतं. साडी घ्यायला आम्ही टी. नगरला गेलो, तिथेही आईनं दाखवलेल्या दुसऱ्याच साडीला तिनं मान डोलावली आणि मोकळी झाली. पण पत्रिकेसाठी तिनं आप्पांच्या नाकी नऊ आणले. दोन नावांच्या मध्ये इंग्रजीत ‘अँड’ची गुंडाळलेली खूण असते, तिला स्वतःची स्वतंत्र ओळ हवी होती. वर हिचं नाव, खाली त्याचं, मध्ये ती एकटी खूण. आप्पा म्हणाले, जागा फुकट जाते. ती म्हणाली, “आयुष्यांत एकदां छापायची, आप्पा. जाऊं द्या जागा.” आप्पांनी दिली. ओल्या शाईचा पहिला कागद हातात घेऊन ती पुढच्या ओसरीवर उभी होती. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, तुझं नाव वाचताच येत नाही. तिनं मला शाईचं बोट लावलं. गालावरचा तो डाग मला धुतल्यावरही दोन दिवस दिसत होता, आणि मी दोन दिवस तिच्यावर चिडलेली होते.

पत्रिकांच्या कोपऱ्यांना आईनं हळद लावली आणि आम्ही त्या टपालात टाकल्या. तंजावर, कुंभकोणम, बंगळूर. आमच्यात पत्रिका बाहेर पडल्यावर मुलीनं घराबाहेर पडायचं नसतं. अक्का पडलीही नाही. ताप घरातच आला. आधी वाटलं उन्हाचा असेल. मग डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून सांगितलं. डॉक्टर भले होते, दोन वेळा स्वतःहून येत. पण ताप उतरेना. एका दुपारी ती म्हणाली की मुलाकडच्यांना तारीख पुढे ढकलायला सांगा, असल्या तोंडानं मी बोहल्यावर उभी राहणार नाही. आम्ही हसलो, इतकी ती तेव्हा शुद्धीवर होती. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ती गेली.

त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

पत्रिका गेलेल्या होत्या, त्यामुळे ही बातमीही तितक्याच घरांना कळवायला हवी होती. छापखाना घरातच होता, पण आप्पांनी ट्रेडलला हात लावला नाही. मी पोस्टकार्डं लिहीत बसले. माझं घाणेरडं अक्षर त्या दिवशी मला बरं वाटलं. सगळ्यांना कार्डं पोचतील असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी आप्पांचे कुंभकोणमचे म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको मांबलम स्टेशनावर उतरून विचारत विचारत घरी आले. मास्तरांच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि खण. मास्तरीणबाईंच्या केसांत ताजा गजरा होता. दाराला तोरण नाही, ओसरीवर रांगोळी नाही, हे पाहून मास्तर घुटमळले आणि आपण चुकीच्या घरी आलो की काय म्हणून पत्रिकेवरचा पत्ता पुन्हा वाचू लागले. आम्ही सुतकात. आई दारात आली. तिनं काही सांगायच्या आधीच मास्तरीणबाईंना कळलं असावं, कारण त्यांनी मागे वळून गजरा काढला आणि पिशवीत टाकला. मास्तर मात्र पत्ताच वाचत राहिले. मला त्या क्षणी त्या टाईपाचा असा राग आला की केसच्या केस उचलून कूम नदीत टाकावी.

त्या सकाळी मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा आप्पा छापखान्यात होते. मी उंबऱ्यातून पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते. वेळ गेली. त्यांनी फळीकडे हातसुद्धा नेला नाही.

सुतक संपलं, महिने गेले. अक्काच्या पत्रिकेचा मजकूर कागदात गुंडाळलेला फळीवर तसाच होता. आप्पा पावतीपुस्तकं छापत, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापत. आमच्या छापखान्याचं नाव होतं ते लग्नपत्रिकांसाठी. हंगाम आला, गिऱ्हाइकं आली. आप्पा म्हणत, “स्क्रिप्ट नाहीं.” केस तर समोर दिसायची. गिऱ्हाईक केसकडे बघे, आप्पांकडे बघे आणि दुसऱ्या छापखान्याची वाट धरी. अक्काच्या मजकुरात त्यातली निम्मी अक्षरं अडकलेली होती, हे खरं. पण उरलेल्यांत एखादी पत्रिका निघाली असती. आप्पांना ती काढायचीच नव्हती.

मी त्यांच्याशी भांडले. घरात भांडायला आता मीच उरले होते. म्हणाले, आप्पा, ते सोडून टाका. किती दिवस असं बांधून ठेवणार. त्यांनी आवाज चढवला नाही. मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, “लग्न लागल्यावर सोडायचें. लग्न कोठे लागलें?”

मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले आणि निवडलेल्या तांदळात पुन्हा खडे टाकले. आई बघत होती. तिनं ताट माझ्याकडून काढून घेतलं आणि स्वतः निवडायला लागली.

दुसऱ्या वर्षी तै महिन्याच्या, म्हणजे संक्रांतीपासूनच्या लग्नसराईच्या, तोंडावर मुलाचे वडील आमच्याकडे आले. अक्काचे सासरे व्हायचे होते ते. मद्रासेतल्याच तिरुवल्लिकेणीहून येताना त्यांनी फळं आणली होती आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं. आई पाणी घेऊन आली. ते म्हणाले, “दुसरीकडून कानीं पडण्याआधीं आम्हीच सांगावें, म्हणून आलों. मुलाचें ठरलें आहे. तो तयार नव्हता. आम्हीच मागें लागलों.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भला माणूस. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आई म्हणाली, “बरें केलेंत सांगितलेंत. सुखानें होऊं द्या.” तिचा आवाज नेहमीसारखा होता.

आप्पांनी विचारलं, “पत्रिका कोठे छापतां?”

ते खाली बघत म्हणाले, “अजून ठरविलें नाहीं.”

“स्क्रिप्टांत छापा,” आप्पा म्हणाले. “चांगली दिसते.”

ते गेल्यावर आई बराच वेळ ओसरीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर, ओल्या केसांना गाठ मारून, आई छापखान्याच्या खोलीत शिरली. मी मागोमाग गेले. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आत येत होती. ती नेमकी फळीपाशी गेली. तिला जागा ठाऊक होती. कागदात गुंडाळलेला मजकूर तिनं दोन्ही हातांनी खाली घेतला आणि टेबलावर ठेवला. आप्पा स्टुलावरून उठले आणि म्हणाले, “राहूं दे.”

“नाहीं राहूं द्यायचें,” आई म्हणाली. “त्याचें नांव आहे यांत. आतां त्याला दुसरी बायको येणार. कोणाची तरी लेंक. पावम, बिचारी, तिचें काय चुकलें? तिच्या नवऱ्याचें नांव आमच्या घरांत आमच्या लेंकीशीं बांधून ठेवायचें नाहीं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मज दाखव, त्याचें कोठे आहे.”

आप्पा पुन्हा खाली बसले.

मी कागद उलगडला. खिळ्यांवर वाळलेली शाई होती. अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी. मला वाचता येत होती, आईला सुलटीही आली नसती. मी बोट ठेवून सांगितलं, हे त्याचं नाव. दोरी मी सोडली. आईनं त्याच्या नावातलं पहिलं मोठं अक्षर चिमटीत धरलं, नाकातली सोन्याची फुली उचलावी तसं, आणि विचारलं, “हें कोठे टाकूं?” मी केसमधलं घर दाखवलं. तिनं टाकलं. दुसरं उचललं. “हें?” मी दाखवलं. तो मुलगा शाळेत गणित शिकवायचा. आमच्याकडे एकदाच आला होता आणि लाजून सगळी जिलबी पानात ठेवून गेला होता. त्याचं नाव असं एकेक अक्षर करून आमच्या घरातून निघून गेलं.

मग ती मधल्या एकट्या खुणेपाशी आली. “हें कोणाच्या नांवातलें?”

“कोणाच्याच नाहीं,” मी म्हटलं. “आणि म्हणायची खूण आहे ती.”

तिनं ती थोडा वेळ हातात धरली. मग तीही टाकली.

अक्काचं नाव राहिलं होतं. आई म्हणाली, “हें तिचें?” मी मान हलवली. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पुन्हा एकदा, जणू जन्मभर न आलेलं इंग्रजी वाचन तिला एवढ्यासाठी शिकायचं होतं. तिनं पहिलं मोठं अक्षर उचललं. स्क्रिप्टची टोकं मोडतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी तिनं ते खिशातून काचेचं काही काढावं इतकं जपून धरलं. आप्पा उठून आमच्या शेजारी आले. मला वाटलं ते तिला थांबवतील. त्यांनी थांबवलं नाही. तारखेची ओळ होती, ती त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली आणि सोडायला लागले. तारीख, मुहूर्त, कार्यालयाचं नाव. त्यांची बोटं न बघता घरं शोधत होती. ते रडत होते आणि रडणं पुसत नव्हते. अक्का गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी आईला घरं दाखवत गेले. हे इथे. हे इथे. हे त्याच्या खालच्या घरात. नावाच्या शेवटी ‘ए’ होतं, छोटं, साधं, आमच्याकडच्या बहुतेक मुलींच्या नावांच्या शेवटी असतं तसं. त्याचं घर केसमध्ये सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. आईनं ते टाकलं. आत इतर ‘ए’ होतेच, त्यांत ते पडलं. अगदी बारीक आवाज झाला.

ती तशीच वाकून त्या घरात बघत उभी राहिली. मग तिनं मला विचारलं, “यांतलें तिचें कोणतें?”

मी बघितलं. सगळी सारखीच होती. एकाच साच्यातून निघालेली, सगळ्यांवर तीच शाई. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर तिनं टाकलं होतं आणि मला सांगता येईना.

आईनं आत हात घातला आणि एक खिळा वर काढला. “हें?”

मी हो म्हटलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं तो पदराच्या टोकात बांधला आणि स्वयंपाकघरात गेली.